अल्सर आणि स्वयंपाकघरातील औषधे : या चुका टाळा

जठरातील अल्सरवर ज्येष्ठमध, हळद, आले की कोथिंबीर, हे विचारायला आमच्या औषधाच्या दुकानात कोणी ना कोणी नेहमीच येते; तो अल्सर कशामुळे झाला, याचा शोध मात्र क्वचितच घेतलेला असतो. बहुतेक अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू तरी असतो, नाहीतर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. तरीही गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक आणि त्याच पिशवीत ‘पोटासाठी’ हळदीची पूड नेणारी माणसे पाहिली की मला ती पूड काउंटरवरच ठेवून घ्यावीशी वाटते.

सर्वांत महागात पडते ती ज्येष्ठमधाबाबतची चूक. आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा रक्तदाब गोळ्या वेळेवर घेऊनही चढत होता, पाय सुजत होते आणि जिना चढताना मांड्यांत त्राण उरत नव्हते. डॉक्टरांनी डोस वाढवूनही फरक पडेना. एकदा ज्येष्ठमधाच्या पुडीची बाटली उचलताना मी हटकले, तेव्हा ते म्हणाले, “हे काय औषध आहे होय? अ‍ॅसिडिटीसाठी दोन्ही वेळा दुधातून घेतो.” रक्त तपासल्यावर पोटॅशियम बरेच घसरलेले निघाले आणि ज्येष्ठमध थांबवल्यावर दाब हळूहळू खाली आला. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन या घटकामुळे शरीरात सोडियम व पाणी साठते आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. याच मुळापासून ब्रिटनमध्ये कार्बेनोक्सोलोन हे अल्सरवरचे औषध तयार झाले होते. त्याचा गुण येत असे, पण नेमक्या याच दुष्परिणामांमुळे ते मागे पडले. चहात कधीतरी एखादी काडी टाकण्याला माझी हरकत नाही. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना मात्र मी रोजच्या वापरासाठी पूड देत नाही.

‘संशोधनाने सिद्ध’ म्हणून पुढे पाठवल्या जाणाऱ्या बऱ्याच प्रयोगांत उंदरांना वनस्पतीचा अर्क आधी दिला जातो आणि अल्कोहोल किंवा इंडोमेथॅसिन हे वेदनाशामक देऊन जठराला इजा नंतर केली जाते. त्यावरून आधीच झालेला अल्सर कोथिंबिरीच्या चटणीने भरून येईल, असा निष्कर्ष काढणे हा निव्वळ उतावीळपणा आहे.

छातीत जळजळत असताना पुदिन्याचा अर्क घेऊ नये, कारण त्याने अन्ननलिकेच्या खालच्या, जठराकडील टोकाची झडप सैल पडते.

जीवाणूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल, तर ओमेप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवाव्या लागतात, अन्यथा जीवाणू असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. शौचाला डांबरासारखे काळे होत असेल, तर काढा उकळत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.