सायकलसाठी पावसाळी जॅकेट कसं निवडायचं: आधी काखेतली झिप बघा

जून आला की दरवर्षी मला हाच प्रश्न विचारला जातो, की सायकलवर पावसात घालायला कुठलं जॅकेट घेऊ, आणि विचारणाऱ्याने आधीच कुणाचं तरी ऐकून ठरवलेलं असतं की टॅगवर जितका मोठा आकडा तितकं जॅकेट भारी. ते डोक्यातून काढा. मी गेली अकरा वर्षं पुण्यात पावसाळाभर सायकल चालवते, रोज वारज्याहून बाणेरला ऑफिस आणि रविवारी सिंहगड नाहीतर मुळशी, तेव्हा जे सांगते ते भिजून शिकलेलं आहे.

आधी ठरवा की सायकल कुठे चालवणार. शहरात सपाटीवर पाच-सात किलोमीटर जायचं असेल तर फार डोकं लावू नका, शिवणींवर आतून टेप मारलेलं, ५,००० मिलिमीटरच्या पुढचं कुठलंही जॅकेट चालतं. हा मिलिमीटरचा आकडा म्हणजे कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ उभा केला की पाणी आत झिरपायला लागतं ते, १०,००० म्हणजे दहा मीटर पाणी, आणि सायकलवर पडणाऱ्या पावसाचा दाब तेवढा कधीच नसतो. झिरपतं ते खांद्यावर, सॅकचे पट्टे दाबतात तिथे, म्हणून सॅक सोडा आणि कॅरिअरची बॅग लावा.

स्कूटरवाला पीव्हीसी रेनकोट घेऊ नका, स्कूटरवाला नुसता बसलेला असतो, तुम्ही पॅडल मारत असता. पाँचो, म्हणजे डोक्यातून घालायचा बिनबाह्यांचा सैल रेनकोट, तर अजिबातच नको, वारा भरला की तो हॅन्डलवर चढतो आणि पुढच्या चाकात जातो, मी एका मुलाला पडलेलं डोळ्यांनी बघितलंय.

आता खरा मुद्दा, घामाचा. इथेच मी दोन पावसाळे आणि बरेच पैसे घालवले. माझं पहिलं चांगलं जॅकेट महागाचं होतं, दुकानदाराने छातीठोक सांगितलं की हे श्वास घेतं, आत घाम राहणारच नाही. पहिल्याच रविवारी सिंहगडाच्या घाटात, गोळेवाडीपासून वरपर्यंतचा सुमारे नऊ किलोमीटरचा चढ, अर्ध्यातच बाह्या आतून ओल्या, वर पोचेपर्यंत टी-शर्ट पिळून काढावा असा. मला वाटलं जॅकेट गळतंय, दुकानात जाऊन भांडले. मग घरी येऊन एक साधी गोष्ट केली जी आधी करायला हवी होती, जॅकेट घालून शॉवरखाली दहा मिनिटं हालचाल न करता उभी राहिले. आतून कोरडी ठणठणीत. म्हणजे पाणी बाहेरचं नव्हतंच, सगळं माझंच होतं. कुणाला जॅकेट गळतंय असं वाटलं तर आधी हे करून बघा, मगच परत द्यायला जा.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे परत फसणार नाही. टॅगवर दुसरा आकडा असतो, १०,००० ग्रॅम वगैरे, तो एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासात किती वाफ बाहेर जाते त्याचा. चोवीसने भागा, तासाला चारशे-सव्वाचारशे ग्रॅम, तेही प्रयोगशाळेतल्या सोयीच्या हवेत. घाटात जोर लावून चढताना घाम तासाला लिटरभर सहज जातो. आणि वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या दाबात फरक असतो म्हणून. बाहेर ५ अंशाची थंडी असेल तर फरक भरपूर असतो, आपल्याकडे जुलैत २४ अंश आणि हवा दमटगच्च, म्हणजे फरक जवळपास निम्म्यावर येतो. कापड कितीही भारी असलं तरी थंड देशातल्यासारखं काम आपल्या पावसात करत नाही. गोअर-टेक्ससारखं नावाजलेलं श्वास घेणारं कापड असो की अजून काही, हा नियम सगळ्यांना सारखाच.

म्हणून माझं ठाम मत, घाटासाठी जॅकेट घेताना आकडे शेवटी वाचा, आधी हवा खेळायची सोय बघा. काखेत झिप हवी, चांगली वीतभर तरी, आणि एका हाताने उघडता आली पाहिजे. पाठीवर वरून एका पट्टीने झाकलेली आणि खाली जाळी असलेली फट हवी. समोरची झिप दोन्हीकडून उघडणारी असेल तर उत्तम, खालून उघडली की पोटाला वारा लागतो. मनगटाला वेल्क्रो हवा, नुसतं इलॅस्टिक नको, कारण बाही सैल करून आत हवा घेता आली पाहिजे. दुकानात झिपा लावून वीस उठाबशा काढा, लोक बघतील तर बघू देत, मग काखेतली झिप उघडा आणि फरक पडतो का ते अंगालाच कळू द्या.

आणि जमलं तर चढताना जॅकेट घालूच नका! हे कुणी सांगत नाही. २४ अंशात चढताना भिजलात तर काही बिघडत नाही, अंग गरमच असतं, खरा त्रास उतारावर होतो, ओल्या अंगाला चाळीसच्या स्पीडचा वारा लागला की दात वाजतात आणि ब्रेकवरची बोटं वळत नाहीत, मला एकदा खालपर्यंत अर्धा रस्ता सायकल हातात धरून यावं लागलंय. म्हणून जॅकेट घडी करून पाठीच्या खिशात मावेल असं पातळ घ्या, वर पोचल्यावर कोरडंच अंगावर चढवा. आत कॉटन नको, पातळ पॉलिस्टर पूर्ण बाह्यांचं घाला, उघड्या हाताला जॅकेट चिकटतं ते सहन होत नाही.

माप घेताना आरशासमोर ताठ उभं राहू नका. हॅन्डल धरल्यासारखं वाका, बाही मनगटावर राहते का आणि पाठ कमरेखाली झाकली जाते का बघा. मागची शेपूट लांब असते ती सीटखालच्या लाल लाइटला झाकणार नाही याची खात्री करा. बाकी पाठीवर चिखलाची रेघ उठते ती जॅकेटने थांबत नाही, मडगार्ड लावा.

हुड असेल तर काढता येणारा घ्या आणि काढून घरी ठेवा, मान वळवली तरी तो वळत नाही आणि चांदणी चौकात मागचा ट्रक दिसत नाही. हेल्मेटखाली छज्जावाली पातळ टोपी पुरते.

रंग पिवळा नाहीतर केशरी. काळा नाही.

एक अजून, वर्षभराने जॅकेटवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळायचे थांबले आणि कापड बाहेरून ओलं दिसायला लागलं तर लगेच नवीन घेऊ नका. वरचा पाणी झटकणारा थर मळाने झोपलेला असतो. सौम्य लिक्विडने धुवा, सॉफ्टनर बिलकुल नको, लेबलवर परवानगी असेल तर वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा, बहुतेक वेळा थेंब परत घरंगळायला लागतात. आणि रोज घरी आल्यावर ओलं जॅकेट बॅगेत कोंबून ठेवू नका, उलटं करून पंख्याखाली खुर्चीवर टाका, नाहीतर पुढच्या जूनपर्यंत कुबट वास येतो आणि आतला थर पापुद्र्यासारखा सुटून हाताला चिकटतो, मग त्याला इलाज नाही.