मेंदूच्या गाठीचा एमआरआय वाचताना या चुका टाळा

ग्लिओब्लास्टोमाचा (मेंदूच्या आक्रमक कर्करोगाचा) फॉलो-अप एमआरआय समोर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: शेक (रेडिएशन) कधी संपला? नवे रेसिडेंट माझ्याकडे बघत राहतात. तारीख फाइलमध्ये असते, पण फाइल उघडायचा कंटाळा.

शेक आणि टेमोझोलोमाइड या केमोनंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत काँट्रास्ट (शिरेतून दिलेलं, स्कॅनवर चमकणारं औषध) जास्त दिसला म्हणजे गाठ वाढलीच असं नाही. रेडिएशनने रक्तवाहिन्या गळक्या होतात, काँट्रास्ट बाहेर झिरपतो, सूज येते. हे स्यूडोप्रोग्रेशन, म्हणजे वाढीचा नुसता आभास. गाठीतला एमजीएमटी हा जनुक मेथिलेटेड (म्हणजे बंद पडलेला) असेल तर शक्यता आणखी जास्त. बाहेरून आलेल्या एका रुग्णाच्या हातात, शेक संपून जेमतेम महिना झालेला असताना, ‘गाठ वाढली आहे’ असा रिपोर्ट होता. घरच्यांनी केमो थांबवायचं जवळपास ठरवलं होतं. बाबा मात्र स्वतः चालत आले होते आणि डेक्साचा (सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडचा) डोसही वाढलेला नव्हता. परफ्युजन (रक्तपुरवठा मोजणारा स्कॅन) केलं, तर काँट्रास्टने चमकणाऱ्या कड्यात रक्ताचं प्रमाण कमीच, म्हणजे वाढत्या गाठीसारखं नाही. केमो चालू ठेवली. पुढच्या स्कॅनमध्ये कडं आक्रसलं होतं. मेंदूच्या गाठींचा उपचाराला प्रतिसाद मोजण्याच्या २०२३ च्या रॅनो २.० निकषांत शेकानंतरचा एमआरआयच बेसलाइन (तुलनेचा पाया) धरलाय, तो उगाच नव्हे. शंका असेल तर ‘शंका आहे, स्कॅन पुन्हा करा’ असं लिहा. त्यात कमीपणा कसला?

दुसरी खोड याच्या उलट. फक्त मागचा स्कॅन शेजारी लावायचा आणि ‘स्थिर’ लिहून मोकळं व्हायचं. २० बाय २० मिमीची गाठ दर वेळी एकेक मिलिमीटरने वाढली, तर तिसऱ्या खेपेला २३ बाय २३ होते. दोन मापांचा गुणाकार ४०० वरून ५२९. म्हणजे ३२ टक्के वाढ, प्रोग्रेशनची (गाठ वाढली म्हणण्याची) २५ टक्क्यांची रेघ केव्हाच ओलांडली, आणि तिन्ही रिपोर्ट ‘स्थिर’! मी आजवरचा सगळ्यात लहान मापाचा स्कॅन शोधून तोच शेजारी लावतो. सीडी घरी राहिली असेल तर आणायला पाठवतो. नातेवाईक चिडतात, चिडू देत.

डेक्साचा डोस रिपोर्टात लिहा. तो वाढवला की काँट्रास्ट आणि सूज दोन्ही उतरतात.

बेव्हासिझुमॅबवर (रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्या औषधावर) काँट्रास्ट काही दिवसांतच ओसरतो, गाठ तशीच असली तरी. पेढे वाटण्याआधी फ्लेअर (सूज आणि काँट्रास्ट न घेणारी गाठ दाखवणारी एमआरआय प्रतिमा) बघा.

ऑपरेशननंतरचा एमआरआय ४८ तासांत उरका, फार तर ७२. नंतर जखमेच्या कडाही चमकू लागतात, मग उरलेली गाठ कोणती यावर नुसता वाद.

आणि ५ मिमीच्या जाड स्लाइसवर घेतलेलं माप १ मिमीच्या स्कॅनशी ताडून मला दाखवायला आणू नका.