लेहला ऑक्टोबरमध्ये कामासाठी जाताय? दोन दिवसांच्या कामाला पाच दिवस मागा

ऑफिसात बसून दौरा आखणाऱ्याला लेह म्हणजे दिल्लीपुढचा जेमतेम दीड तास वाटतो. सकाळी उतर, दुपारी जनरेटर उघड, दुसऱ्या दिवशी लोड टेस्ट (जनरेटरवर भार टाकून बघणं), तिसऱ्या दिवशी परत. मी डीजी सेटची, म्हणजे डिझेल जनरेटरची, सर्व्हिस करतो, आणि पहिल्या खेपेला हा बेत निमूट मान्य केला होता. दुपारी तीनला टूलबॉक्स घेऊन साइटचा एक जिना चढलो, वरच्या पायरीवर बसलो आणि जेवलेलं सगळं तिथेच बाहेर काढलं. वॉचमनने काही न बोलता बादलीभर पाणी ओतलं आणि टूलबॉक्स स्वतःच उचलून नेला. माझ्यासारखे त्याने बरेच पाहिले असावेत.

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला ढोबळमानाने एक टक्का घटते, हे आम्ही गिऱ्हाइकाला तोंडपाठ सांगतो. पण तोच हिशोब स्वतःच्या छातीला लावायचं डोक्यात येत नाही. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात मोठा सल्ला: पाच दिवस मागा, आणि ते मेलवर मागा. पहिला दिवस अंथरुणात. दुसऱ्या दिवशी सपाटीवर रमतगमत फिरणं, साइट नुसती डोळ्यांखालून घालणं. तिसरा-चौथा कामाचा. पाचवा हातचा.

पहिल्या दिवशी गंमत अशी होते की विमानातून उतरल्यावर एकदम ठणठणीत वाटतं. ऊन लख्ख, सफेदाची (पॉप्लरची) झाडं पिवळीधमक, छपरांवर गुरांचा चारा वाळत घातलेला. वाटतं, आपल्याला काही होत नाही. डोकं दुखायला लागतं ते काही तासांनी, बहुधा रात्री. तेव्हा आंघोळीची घाई नको, दारू नको, झोपेची गोळी तर मुळीच नको. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. मी घेतो. बोटांना मुंग्या येतात, सारखं लघवीला जावं लागतं आणि सोडा पाण्यासारखा बेचव लागतो. पहिल्यांदा मी दुकानदारालाच दोष दिला होता.

हलकं डोकं दुखणं, भूक मरणं, झोप मोडणं इथवर ठीक, थांबा आणि आराम करा. पण एक चाचणी शिकून घ्या. फरशीच्या रेषेवरून एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत दहा पावलं चाला. तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. सरकारी सोनम नोरबू रुग्णालय गावातच आहे. यावर खरा इलाज म्हणजे खाली उतरणं, आणि त्यात क्लायंटची लोड टेस्ट आडवी येता कामा नये.

सामानाचं थोडक्यात. प्रीपेड सिम बाहेरून नेलेलं चालत नाही, पोस्टपेड लागतं. साइटवर पोचून ओटीपीची वाट बघत बसलेले दोन इंजिनिअर मी पाहिलेत. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, पाने-पक्कड चेक-इनमध्ये. इंजिनचा वापरलेला पार्ट डिझेलच्या वासासकट विमानतळावर नेलात तर तो तिथेच राहील, तेव्हा नवा, सीलबंद न्या. आणि फिल्टर, बेल्ट, होज, गॅस्केट दोन-दोन न्या. एखादा वॉशर राहिला तर तो कुरिअरने मागवण्यात तुमचा हातचा दिवस गेलाच म्हणून समजा.

कपड्यांचं म्हणाल तर दुपारी उन्हात एक शर्ट पुरतो, सावलीत गेलात की जॅकेट लागतं. रात्री पारा शून्याच्या आसपास, महिना सरताना त्याच्याही खाली. ऑक्टोबरच्या मध्यापासून बरीच हॉटेलं बंद व्हायला लागतात, कारण नळातलं पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून पाणी काढून टाकतात. त्यामुळे बुकिंग करताना ‘गीझर आहे का’ हे विचारू नका, ‘नळाला पाणी असेल का’ हे विचारा. बादलीने गरम पाणी मिळालं तरी काही बिघडत नाही. खोलीत बुखारी (खोली तापवणारी शेगडी) असेल तर झोपताना ती विझवा, आणि खिडकीची फट उघडी ठेवा. जनरेटरच्या धुराबद्दल लोकांना एवढं बजावणारे आम्ही, पण थंडी वाजली की आम्हीच बुखारीसमोर दार लावून बसतो.

कामाचं एकच सांगतो, डीजीवाल्यांसाठी. गिऱ्हाईक काळ्या धुराची तक्रार करेल. इंजेक्टर खोलण्याआधी लोड बघा. डिझेल तेवढंच आणि हवा कमी, मग धूर काळाच येणार; खालच्या रेटिंगवर लोड बांधून द्या. बॅटरी पहाटे तपासा, दुपारच्या उन्हात सगळ्याच बॅटऱ्या गुणी असतात. मी सहाला गेलो होतो. स्टार्टरने दोनदा कण्हल्यासारखा आवाज केला आणि गप्प बसला, व्होल्टमीटरवर १२.४ दिसत होते, चावी फिरवली की ७ वर. वॉचमन म्हणाला, ‘जुले (लडाखी नमस्कार) साहब, आज चाय पहले.’ चहा उकळत होता खरा, पण तिथे पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं.

परतीचं विमान शक्यतो सकाळचं घ्या, दुपारी वारा सुटतो. हवा बिघडली की तेही रद्द. मागच्या खेपेला रद्द झालं तेव्हा साहेबांचा फोन आला, ‘अजून तिथेच?’ मी म्हटलं, पाचवा दिवस आहे साहेब, मेल बघा.