व्हेनिस दोघांनीच करायचं तर: दोन रात्री, तीन दिवसांचा बेत

ठाणे-डोंबिवलीहून निघणाऱ्या बहुतेक ग्रुप टूरमध्ये व्हेनिसच्या वाट्याला चार-पाच तास येतात. बोटीने सान मार्को चौक, गोंडोलासोबत फोटो, काचेच्या कारखान्यात डेमो, आणि अंधार पडायच्या आत मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेच्या किंवा पाडोव्हाच्या हॉटेलात परत. म्हणजे गाव सगळ्यात जास्त तुंबलेलं असतं नेमक्या त्या वेळेत तुम्ही तिथे. सकाळी साडेआठच्या आधीचं आणि संध्याकाळी सहानंतरचं व्हेनिस बघायचं असेल तर मुक्काम कालव्यांच्या आतच हवा. कात्री लावायची ती म्युझियमच्या तिकिटांना लावा, टॅक्सीला लावा. हॉटेल मात्र मेस्त्रेला घेऊन पैसे वाचवू नका.

महिना निवडताना एवढं बघा: एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात बरे. फेब्रुवारीत कार्निव्हलच्या दिवसांत हॉटेलांचे दर चढतात, पण जानेवारीच्या मध्यानंतर कार्निव्हल सुरू होईपर्यंत गाव रिकामं आणि त्यातल्या त्यात स्वस्त असतं. थंडी सोसत असेल तर तोच काळ पकडावा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, घाम आणि डास. त्यासाठी एवढं लांब जायला नको.

निघण्याआधी

शेंगेन व्हिसाची फी प्रौढांना 90 युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी करावाच लागतो. मे महिन्याचा बेत असेल तर अपॉइंटमेंटच्या मागे जानेवारी-फेब्रुवारीतच लागा. पासपोर्ट 10 वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा. दोघांचे अर्ज स्वतंत्र, कागदांचे गठ्ठेही स्वतंत्र. खर्च एकच जण करणार असेल तर त्याचं तसं पत्र, बँक स्टेटमेंट आणि आयटीआरच्या प्रती दुसऱ्याच्या गठ्ठ्यातही घाला. हॉटेल रद्द करता येईल असंच बुक करा.

नवीन लग्न झालेल्यांची गाडी अडते ती नावावर. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं आणि तिकिटावर तिसरंच स्पेलिंग. प्रवास तोंडावर असताना पासपोर्टवरचं नाव बदलायच्या भानगडीत पडू नका. तिकीट, विमा, हॉटेल सगळं पासपोर्टवर जसं छापलंय तसंच करा आणि विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा.

विमान बहुतेक आखातातून, इस्तंबूलहून किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून बदलावं लागतं. तिकिटावर निघायचं विमानतळ बीओएम (मुंबई) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे आता ठाणेकरांनी आणि वाशी-नेरुळवाल्यांनी दोनदा वाचावं. तिकडच्या बाजूलाही तोच प्रकार: व्हेनिसचं मुख्य विमानतळ मार्को पोलो, स्वस्त तिकीट मात्र बऱ्याचदा त्रेव्हिसोचं निघतं, आणि ते गावापासून बरंच लांब आहे.

खाऊच्या डब्यातून पेढे, बर्फी, तूप, पनीर काढा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना युरोपीय संघात नेता येत नाहीत. हापूसही नाही, ताज्या फळांना रोगमुक्ततेचा दाखला लागतो. चिवडा, खाकरा, भाजणी, चटणीची पुडी खुशाल न्या.

आता बॅग. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. रिक्षा नाही, हमाल शोधून मिळेल याची खात्री नाही. माणशी एकच बॅग, दहा-बारा किलोंच्या आत. भरून झाली की ठाणे स्टेशनच्या पादचारी पुलावर गर्दी नसताना न थांबता चढवून-उतरवून बघा. दम लागला तर दोन जोड कपडे बाहेर काढा.

हॉटेल आणि पत्ता

गावाचे सहा भाग आहेत: कान्नारेजो, कास्तेल्लो, सान मार्को, सान पोलो, सांता क्रोचे आणि दोर्सोदुरो. घरांचे नंबर गल्लीनुसार नसून या भागानुसार चालतात, त्यामुळे ‘कान्नारेजो 3245’ एवढ्यावर कुणी घर शोधू शकत नाही. गल्लीचं नाव लागतंच. बुकिंग करताना हॉटेलला तीन प्रश्न विचारा: जवळचा बोटीचा थांबा कोणता, तिथून दारापर्यंत पूल किती, आणि लिफ्ट आहे का. पूल दोनपेक्षा जास्त असतील तर दुसरं हॉटेल बघा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना कान्नारेजो सोयीचं. रेल्वे स्टेशन चालत, बेटांकडे जाणाऱ्या बोटी जवळ, आणि मिझेरिकोर्दिया-ओर्मेझिनीच्या कालव्याकाठी संध्याकाळची बैठक. शांतता हवी असेल तर कास्तेल्लोचा पूर्वेकडचा भाग किंवा दोर्सोदुरो. सान मार्कोला राहून जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी, सकाळी 8:30 ते दुपारी 4 या वेळेत, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे: आधी भरलं तर 5 युरो, ऐनवेळी 10. मुक्कामाला असणाऱ्यांना ते माफ आहे, पण माफीचा क्यूआर कोड ऑनलाइन काढावा लागतो. लोक हे विसरतात आणि स्टेशनबाहेर मोबाईलमध्ये डोकं घालून उभे राहतात. हॉटेलात माणशी, रात्रीमागे पर्यटक कर वेगळा लागतो.

पोचल्यावर

विमानतळावरून पियात्साले रोमापर्यंत बस घ्या, तिकीट 10 युरो, साधारण 25 मिनिटं. मोटारींचा रस्ता तिथेच संपतो. गावाला मुख्य भूमीशी जोडणारा तो पूल 1933 चा, रेल्वेचा त्याआधी 1846 चा. खासगी वॉटर टॅक्सी दिसायला झकास, पण भाडं शंभर युरोंच्या वर. ट्रेनने येत असाल तर ‘व्हेनेत्सिया मेस्त्रे’ला उतरू नका. ‘व्हेनेत्सिया सांता लुचिया’ हे पुढचं, शेवटचं स्टेशन.

सार्वजनिक बोट म्हणजे व्हापोरेत्तो. एक तिकीट 9.50 युरो आणि ते 75 मिनिटं चालतं. पास एक दिवसाचा 25, दोन दिवसांचा 35, तीनचा 45. पास तारखेवर नाही, पहिल्यांदा मशीनला लावल्यापासूनच्या तासांवर मोजतात. म्हणून दोन दिवसांचा पास घ्या आणि पहिल्या दुपारी बोटीत चढतानाच सुरू करा. तिसऱ्या दुपारपर्यंत पुरतो आणि चौथ्या फेरीतच वसूल होतो. प्रत्येक वेळी चढण्याआधी तो मशीनला लावायचा, हिरवा दिवा बघायचा. पास खिशात आहे पण लावला नाही, तरी दंड होतो.

पहिली फेरी 1 नंबरची. ग्रँड कॅनाल या गावातल्या मुख्य कालव्यावर ती जवळजवळ सगळे थांबे घेते, सान मार्कोपर्यंत पाऊण तास लागतो. स्टेशनच्या थांब्यावर न चढता एक थांबा मागे, पियात्साले रोमाला चढा. तिथे बोट रिकामी असते आणि उघड्यावरच्या पुढच्या जागा मिळतात. बॅगा मात्र आधी हॉटेलात टाका.

चालताना मॅपवर फार विसंबू नका. उंच भिंतींच्या बोळात जीपीएस भरकटतं आणि बोळ अचानक पाण्यात जाऊन संपतो. कोपऱ्यांवर भिंतीवरच ‘पेर रिआल्तो’, ‘पेर सान मार्को’ (म्हणजे ‘रिआल्तोकडे’, ‘सान मार्कोकडे’) अशा बाणाच्या पाट्या रंगवलेल्या असतात, त्या धरून चाला. एकाच भिंतीवर दोन्ही दिशांना तोच बाण दिसला तर दोन्ही वाटा बरोबर असतात. आणि अरुंद गल्लीत उजव्या बाजूने, एकामागे एक चाला. हातात हात घालून रस्ता अडवलेला तिथल्या लोकांना आवडत नाही.

दुसरा दिवस

सात वाजता सान मार्को चौकात पोचा. झाडूवाले आणि थोडे फोटोवाले, बाकी कुणी नसतं. समोरचा घंटाघराचा मनोरा 1902 मध्ये कोसळला होता; आज आहे तो 1912 ला पुन्हा उभा केलेला, 98.6 मीटर उंच.

डोजेंचा, म्हणजे जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखांचा, राजवाडा 9 वाजता उघडतो. त्याची पहिली वेळ ऑनलाइन घ्या, महिनाभर आधी घेतल्यास तिकीट स्वस्त पडतं. आत दीड-दोन तास जातात, शेवटी उसाशांच्या पुलावरून जुन्या तुरुंगात. मग बॅसिलिका, म्हणजे सान मार्कोचं मोठं चर्च. ती पर्यटकांना साडेनऊला उघडते, रविवारी मात्र दुपारी 2 नंतर. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हे दोघांनाही लागू; हाफ पँटवाल्यांना दारातून परत पाठवतात. मोठी सॅक आत नेता येत नाही.

चौकात कबुतरांना दाणे टाकायला 2008 पासून बंदी आहे. पायऱ्यांवर बसून सँडविच खाल्लं तरी दंड होऊ शकतो. पाणी विकत घेऊ नका, चौकाचौकांतल्या नळांचं पाणी पिण्याचं आहे. बाटली भरून घ्या. सार्वजनिक शौचालयाला दीड युरो लागतो, त्यामुळे कॉफी प्यायला थांबाल तिथेच उरकून घ्या.

ऑक्टोबर ते जानेवारीत जात असाल तर भरतीचा अंदाज रोज बघा. 110 सेंटीमीटरचा अंदाज असला की समुद्राच्या तोंडावरची मोझे नावाची झडपं वर उचलतात. 2020 पासून ती कामात आहेत आणि गाव कोरडं राहतं. पण सान मार्को हा सगळ्यात सखल भाग, तिथे त्याहून कमी भरतीतही पाणी वर येतं. दोनतीन तासांत ते उतरतं. तेवढा वेळ दुसऱ्या भागात काढायचा, बूट विकत घ्यायची गरज नाही.

गोंडोला

सरकारी दर ठरलेला आहे: दिवसा 30 मिनिटांना 90 युरो, संध्याकाळी 7 नंतर 35 मिनिटांना 110. हा दर होडीचा आहे, माणशी नाही. गाणं हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे. दोघांना महाग वाटत असेल तर आणखी एका जोडप्यासोबत वाटून घ्या, होडीत पाच जण बसू शकतात.

सान मार्कोसमोरच्या धक्क्यावरून घेऊ नका. तिथून होडी मोठ्या पाण्यात निघते, मोटारबोटींच्या लाटांनी हलते आणि वेळ कोंडीत जातो. सान तोमासारख्या आतल्या धक्क्यावरून घ्या आणि बसण्याआधी वाट, मिनिटं, रक्कम तिन्ही बोलून घ्या. आणखी एक हिशेब: जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे संधिप्रकाश हवा तर रात्रीचा दर पडतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये साडेचारलाच सांज होते, आणि तोच उजेड दिवसाच्या दरात मिळतो.

नुसतं गोंडोलात पाय ठेवायची हौस असेल तर त्रागेत्तो आहे: सांता सोफियाहून ग्रँड कॅनाल ओलांडून रिआल्तोच्या बाजारात, माणशी 2 युरो, रोख. दोन मिनिटांत पलीकडे.

जेवण

पैसे उडतात ते इथे, आणि खरी मजाही इथेच. एका संध्याकाळी हॉटेलात टेबल लावून बसण्याऐवजी बाकारोंची फेरी करा. बाकारो म्हणजे उभ्याने खायचं छोटं दुकान. काचेच्या कपाटात चिकेत्ती मांडलेल्या असतात, म्हणजे पावाच्या चकतीवर किंवा काडीला टोचलेले घासभर पदार्थ. साधारण 2 ते 3 युरो नग. बोटाने दाखवायचं, काउंटरवरच खायचं, पुढच्या दुकानाकडे निघायचं. दोघांत दुकानामागे चार नग, अशी तीन दुकानं झाली की पोट भरतं. साडेसहाला सुरुवात करा. साडेआठनंतर कपाटात उरलंसुरलं असतं.

मासे खाणाऱ्यांनी दोन गोष्टी चुकवू नयेत. सार्दे इन साओर: तळलेल्या तारल्या, त्यावर भरपूर परतलेला कांदा, व्हिनेगर, बेदाणे, चिलगोजे, एक-दोन दिवस लोणच्यासारखं मुरवून थंडच देतात. आणि बाक्काला मांतेकातो: सुकवलेला कॉड भिजवून, उकडून, तेल घालत लोण्याइतका मऊ होईपर्यंत घोटलेला. सुक्या मासळीला नाक मुरडणाऱ्यांनीही खावा, वास उरत नाही. मासळी बाजार बघायचा तर रिआल्तोला मंगळवार ते शनिवार, सकाळी. रविवार-सोमवार तो बंद असतो, आणि म्हणून सोमवारी हॉटेलात ‘ताजा मासा’ फार मनावर घेऊ नका.

शाकाहाऱ्यांनी जरा सांभाळून. ‘बीगोली इन साल्सा’ दिसतं कांद्याचं, असतं अँचोव्ही नावाच्या माशाचं. रिझोत्तो भाज्यांचा असला तरी पाणी मांसाच्या रश्श्याचं असू शकतं; ‘ब्रोदो दि व्हेर्दुरे?’ (रस्सा भाज्यांचा का?) असं विचारा. उलट पिझ्झा मारिनारात मासा नसतो, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो. ‘पेपेरोनी’ लिहिलेला पिझ्झाही घाबरण्यासारखा नाही, ती ढोबळी मिरची. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’ (मांसाशिवाय, माशाशिवाय) एवढं पाठ असलं की भागतं.

बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी काही युरो लागतात. तो बसण्याचा आकार, फसवणूक नव्हे; मेन्यूवर लिहिलेला असतो. टिप द्यायची सक्ती नाही. खरा फटका बसतो तो ‘आल्लेत्तो’ लिहिलेल्या माशाला: तो भाव 100 ग्रॅमचा असतो. समजा 7 युरो लिहिलंय आणि मासा 600 ग्रॅमचा आला, तर झाले 42 युरो. मासा शिजवण्याआधी वजन करून एकूण आकडा विचारा. कॉफीचेही उभ्याने आणि बसून असे दोन भाव. सान मार्को चौकात, 1720 पासून चालू असलेल्या काफे फ्लोरियानसारख्या ठिकाणी वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचेही पैसे बिलात येतात. कार्ड मशीनने ‘युरो की रुपये’ विचारलं तर युरो दाबा. रुपयांचा दर त्यांच्या सोयीचा असतो.

तिसऱ्या दिवशी बेटं

कान्नारेजोतल्या फोन्दामेन्ते नोव्हे या धक्क्याहून 12 नंबरची बोट. आठच्या आसपासची धरा आणि मुरानो सोडून थेट बुरानोला जा, पाऊण तासाच्या आत पोचता. रंगीत घरं तेव्हा तुमचीच. दहानंतर घोळके उतरायला लागतात. तेव्हा परतीची बोट पकडून मुरानोच्या फारो थांब्यावर उतरा. काचेच्या भट्ट्या आगीच्या भीतीने 1291 मध्ये शहरातून इथे हलवल्या गेल्या. हॉटेलवाले ‘फुकट बोट, फुकट डेमो’ देतात, त्यात नंतर खरेदीचा आग्रह असतो. पास आहेच, स्वतः जा. घ्यायचंच असेल तर ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ची खूण बघा आणि काच हातातल्या बॅगेत ठेवा.

परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर दोन वाजेपर्यंत हॉटेलात परत या. पहाटेचं असेल तर आदल्या रात्रीच पहिल्या बसची वेळ बघून ठेवा आणि पियात्साले रोमापर्यंत चालत किती वेळ लागतो ते पुलांसकट मोजा. रात्रीच्या बोटी कमी असतात.