प्लॉटवर काही करायच्या आधी एक खड्डा घ्या : पुण्याच्या आसपासची माती कशी ओळखायची

प्लॉट घेतला की लोक आधी घराचा प्लॅन काढतात, नर्सरीत जाऊन झाडं बघून येतात आणि माती बघायची राहूनच जाते. माझं कळकळीचं सांगणं आहे की त्याआधी एक ट्रायल खड्डा घ्या, कारण बागेला लागतो वरचा फूट-दोन फुटाचा थर, सेप्टिकच्या पाण्याला त्याखालचा आणि घराला त्याच्याही खालचा, आणि हे तिन्ही थर एकाच खड्ड्यात दिसतात.

आपल्याकडे सगळ्याच्या खाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. तो झिजून मुरूम होतो, मुरूम झिजून माती होते आणि पाण्याबरोबर वाहून सखल भागात साठते. म्हणून मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत या नदी-कालव्याच्या पट्ट्यात खोल काळी माती, मुळशी-मावळकडे तांबूस माती आणि धो धो पाऊस, तर सासवडच्या माळावर हलकी मुरमाड जमीन, जिथे अंजीर-सीताफळ छान येतात. पण नुसत्या गावाच्या नावावर जाऊ नका, एकाच गटात वरच्या कोपऱ्याला वीतभर माती आणि ओढ्याकडे पुरुषभर काळी असं सर्रास असतं, त्यामुळे एक खड्डा सगळ्यात उंच जागी आणि एक सगळ्यात सखल जागी घ्या.

खड्ड्याची भिंत खुरप्याने तासून नीट बघा. काळ्या मातीत चकचकीत घासल्यासारखे पृष्ठभाग दिसले आणि उन्हाळ्यात वर हात जाईल एवढ्या भेगा असतील तर ती माती पावसात फुगणारी आणि उन्हात आकसणारी, त्यावर फुटिंग (पायाचा तळ) ठेवायचं नाही म्हणजे नाही. पांढरे खडे दिसले तर त्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका, फेस आला की चुनखडी. विटांचे तुकडे, टाइल्स, प्लास्टिक निघालं तर तो राडारोड्याचा भराव आहे, ओढ्याकाठच्या सपाट केलेल्या प्लॉटवर हे हमखास बघाच, तिथे पाया भराव ओलांडून मूळ जमिनीत गेला पाहिजे.

पुढे मुरूम लागतो. मुरूम लागला म्हणजे झालं असं कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, पण सॉफ्ट आणि हार्ड मुरमात फार फरक आहे. एक ढेकूळ बादलीत रात्रभर टाकून ठेवा, सकाळी चिखल झाला तर अजून खाली जायचंय. पहार मारल्यावर खणखणीत आवाज आला तरी लगेच कातळ लागला समजू नका, आपला बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी झिजतो आणि मधला गाभा मुरमात धोंडा म्हणून राहतो, त्यामुळे दोन-चार फूट बाजूला परत पहार मारून बघा. हे सगळं आपल्या समजुतीसाठी, पायाची खोली आणि एसबीसी (जमीन किती भार पेलेल तो आकडा) स्ट्रक्चरल इंजिनिअरने टेस्ट करूनच ठरवायची. काळी खूप खोल असेल तर तो अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर असलेले, खोल जाणारे काँक्रीटचे खांब) सुचवेल, खर्च वाढतो पण भिंतींना तडे गेल्यावर करण्यासारखं फारसं उरत नाही. आणि घराभोवती पक्का एप्रन (भिंतीलगतचा बाहेर उताराचा पट्टा) करून गच्चीचं पाणी पायापासून लांब न्या.

आता सेप्टिक. टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरायला हवं, आणि ते जिरतं का हे बघणं सोपं आहे. शोषखड्डा (हे पाणी जमिनीत जिरवायचा खड्डा) जितका खोल जाणार तितक्या खोलीवर एक छोटा खड्डा घ्या, तळाला ५ सेंमी खडी, वर ३० सेंमी पाणी भरून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर १५ सेंमी पाणी ठेवून ते २.५ सेंमी उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. ३० मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० लागली तर लांब चर बरे, त्याहून जास्त लागली तर पाणी जिरवायचा नाद सोडून फिल्टरची सोय बघा. ही टेस्ट पावसाळ्यात परत करा, मुळशीकडे जुलैमध्ये खड्डा खालूनच भरतो. उलट फुटक्या कातळात पाणी भसकन गेलं म्हणून खूश होऊ नका! ते न गाळता भेगांतून थेट कुणाच्या तरी बोअरला जातं, तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या. विहीर-बोअरपासून किमान १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर अंतर ठेवाच.

बागेसाठी वरची माती काचेच्या बरणीत एक तृतीयांश भरा, पाणी आणि चिमूटभर डिटर्जंट घालून जोरात हलवा. वाळू मिनिटभरात बसते, गाळ दोनेक तासात, आणि चिकणमातीला दिवसभर किंवा जास्तच लागतो, मग थरांच्या जाडीवरून कशाचं प्रमाण किती ते कळतं. चिकण जास्त असेल तर गादीवाफे करा, कंपोस्ट भरपूर घाला, थोडीशी वाळू मिसळून काही होत नाही. काळी माती ओली असताना अजिबात तुडवू नका, वाफसा (ना चिखल, ना कोरडी, अशी बेताची ओल) आल्यावरच कुदळ लावा. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेइतक्या उंचीवरून सोडल्यावर फुटला की वाफसा आला. चुनखडीच्या जमिनीत लिंबू, गुलाब, मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, ते लोह न मिळाल्यामुळे, तिथे युरिया ओतून उपयोग नाही, चिलेटेड फेरस (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) द्या.

लॅबला माती द्यायची तर प्लॉटवर नागमोडी फिरत ८-१० जागांहून व्ही आकाराच्या खड्ड्यातली वरची १५-२० सेंमी माती घ्या, शेणखताचा ढीग, बांध आणि झाडाखालची जागा सोडून. एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा, सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. रिपोर्टमध्ये सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब आधी बघा. कालव्याच्या पट्ट्यात जमीन चोपण (सोडियम जास्त असलेली) निघाली तरच जिप्समचा विचार करा, आणि तोही निचऱ्याचे चर काढल्यावर.