भाड्याच्या फर्निश्ड घरातील कडक पलंग झोपण्याजोगा कसा करावा

ठाणे आणि नवी मुंबईत फर्निचरसह भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच घरांत एकाच धाटणीचा पलंग आढळतो. खाली सामानाची पेटी, तिच्यावर प्लायवूडची सलग फळी आणि फळीवर चार इंचांची काथ्याची गादी, जी आधीच्या भाडेकरूंच्या अंगाखाली दबून आणखी घट्ट झालेली असते. घर पाहताना त्या गादीवर दोन मिनिटे बसून काहीच कळत नाही. पहिल्या आठवड्यात खांदा आणि कंबरेचे हाड दुखू लागले की कळते. तक्रार केली तर घरमालक, शेजारी आणि नातेवाईक एकच उत्तर देतात की कडक अंथरूण पाठीला चांगले. हा सल्ला मनातून काढून टाकावा. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांवर स्पेनमध्ये झालेल्या आणि २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाल्याचे दिसले होते.

पलंगाला हात लावण्यापूर्वी गादीचे आणि फळीचे फोटो काढून घरमालकाला पाठवून ठेवावेत. करारासोबतच्या फर्निचरच्या यादीत गादीचा उल्लेख असेल तर ती कितीही वाईट असली तरी फेकू नये, नाहीतर घर सोडताना डिपॉझिटमधून तिची किंमत कापली जाते.

त्यानंतर गादी उलटून पाहावी. अनेक गाद्यांची एक बाजू कडक आणि दुसरी मऊ असते, आणि वर्षानुवर्षे कडक बाजूच वर ठेवलेली असते. शिवणींमध्ये ढेकणांचे काळे ठिपके दिसले तर पुढचे सगळे थांबवून आधी त्यांचा बंदोबस्त करून घ्यावा.

खरेदीला जाण्याआधी तीन-चार रात्री घरातल्या दोन जाड गोधड्या किंवा दुमडलेली रजई गादीवर अंथरून झोपावे. खांदा आणि कंबरेच्या बाजूचे हाड दुखायचे कमी झाले, तर दोष गादीच्या कडकपणाचा आहे आणि वरून थर घालून तो दूर होईल. दुखणे कंबरेच्या मधोमध असेल आणि गादीत खोलगट भाग पडलेला असेल, तर वरून कितीही मऊ थर घातला तरी तो त्याच खोलग्यात बसतो. अशा वेळी गादी बदलून देण्याची मागणी घरमालकाकडे करावी. पायात मुंग्या येत असतील किंवा पायाची शक्ती कमी वाटत असेल, तर पलंगाचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

आता अवघड टप्पा, म्हणजे वरच्या थराची, दुकानात ज्याला टॉपर म्हणतात त्याची, निवड. मला सर्वांत जास्त त्रास याच ठिकाणी झाला, कारण दुकानदार ‘जास्त डेन्सिटीचा फोम म्हणजे कडक फोम’ असे ठामपणे सांगतात आणि ते चुकीचे आहे. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोग्रॅममधील वजन. त्यावरून फोम किती काळ टिकेल याचा अंदाज येतो. तो किती मऊ आहे हे त्यावरून ठरत नाही. ४० डेन्सिटीचा फोम मऊही बनतो आणि कडकही. कमी डेन्सिटीचा स्वस्त फोम दुकानात हाताला छान मऊ लागतो, मात्र वजन पडणाऱ्या जागी तो काही महिन्यांत चपटा होतो आणि आपण पुन्हा काथ्यावर येतो. म्हणून दुकानात ‘४० डेन्सिटीचा, पण मऊ’ असेच स्पष्ट शब्दांत मागावे.

सांगितलेली डेन्सिटी खरी आहे का, हे तपासायला वजनकाटा पुरेसा आहे. ७२ इंच लांब, ३६ इंच रुंद आणि २ इंच जाड अशा एका माणसाच्या टॉपरचे आकारमान सुमारे ०.०८५ घनमीटर भरते. म्हणजे ४० डेन्सिटीचा फोम खोळीशिवाय जवळजवळ ३.४ किलो भरला पाहिजे. काट्यावर तो दीड-दोन किलोच भरला, तर लेबलवर काहीही छापलेले असो, तो घेऊ नये. वजन करू देण्यास जो दुकानदार नकार देतो, त्याच्याकडून फोम घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाडीसाठीही एक कसोटी आहे. टॉपर दुकानातील जमिनीवर पसरून त्यावर कुशीवर झोपावे आणि मग कोपरावर भार देऊन उठावे. कोपराला खालची फरशी जाणवली, तर तो थर आपल्या वजनाला अपुरा आहे. पाठीवर झोपणाऱ्या मध्यम वजनाच्या माणसाला दोन इंच पुरतात. कुशीवर झोपणाऱ्याचे किंवा वजनदार माणसाचे खांदे आणि नितंब अधिक खोल रुततात, त्यामुळे त्यांनी तीन इंचांखाली जाऊ नये. चार-पाच इंचांचा मऊ फोम मात्र कोणीच घेऊ नये, कारण कंबर त्यात बुडते आणि एका दुखण्याच्या जागी दुसरे येते.

मेमरी फोमची जाहिरात फार होते, परंतु आपल्या हवेत मी तो सुचवत नाही. हा फोम उष्णतेने मऊ आणि थंडीने घट्ट होतो. त्यामुळे एसी जोरात लावलेल्या खोलीत तो सुरुवातीला कडक लागतो, आणि एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यात अंगाची उष्णता धरून ठेवून झोपमोड करतो. पैशांची तयारी असेल तर रबराच्या चिकापासून केलेला नैसर्गिक लॅटेक्सचा टॉपर घ्यावा. तो जड आणि महाग असतो, मात्र त्यात हवा खेळती राहते आणि तो दबल्यावर लगेच पूर्ववत होतो. तेवढा खर्च करायचा नसेल, तर वर सांगितलेला मऊ फोम आणि त्यावर पातळ सुती रजई ही जोडी उत्तम चालते. घरातील वडीलधारी माणसे गादीवाल्याकडून कापसाची पातळ गादी भरून घ्यायला सांगतात. ती सुरुवातीला खरोखर सुखाची असते, पण कापूस दबतो, दमट हवेत ओल धरतो आणि त्याला वरचेवर ऊन दाखवावे लागते, वेळ आली की पुन्हा पिंजून घ्यावा लागतो. घोडबंदर रोडवरील किंवा खारघरमधील उंच इमारतीत बाल्कनीला चांगले ऊन येत असेल तरच ती घ्यावी.

माप गादीचे घ्यावे, पलंगाचे नाही. सुताराकडून करून घेतलेल्या पलंगांची मापे बाजारातील ठरावीक मापांशी बरेचदा जुळत नाहीत, आणि टॉपर दोन इंच मोठा झाला तरी कडेला दुमडतो.

गुंडाळून आलेला टॉपर उघडून एक-दोन दिवस पंख्याखाली ठेवावा म्हणजे तो पूर्ण फुलतो आणि वास जातो. तो सरकू नये म्हणून गादी आणि टॉपर यांच्यामध्ये जाळीदार रबरी मॅट घालावी.

उशीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मऊ थरावर खांदा खाली जातो, त्यामुळे जुनी उंच उशी तशीच ठेवली तर मान वर उचललेली राहते आणि दोष नव्या टॉपरला दिला जातो. कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मध्यरेषेत येईल इतकी उशी कमी करावी. कापसाच्या उशीची शिवण उसवून थोडा कापूस काढला तरी काम होते.

पावसाळ्याची काळजी वेगळी घ्यावी लागते. ऐरोली, घणसोली, कळवा अशा खाडीजवळच्या भागांत जून ते सप्टेंबर हवा ओलसर असते, आणि बॉक्स बेडच्या सलग प्लायवूडमधून गादीखालची वाफ बाहेर पडत नाही. घामाची वाफ खाली उतरून फळीवर साचते आणि तिथे बुरशी धरते. आठवड्यातून एकदा टॉपर आणि गादी भिंतीला उभी टेकवून दोन-तीन तास पंखा लावावा. फळीला भोके पाडायची असतील तर आधी घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी. लहान मुलांमुळे जलरोधक खोळ हवी असेल, तर आतून प्लास्टिकचा जाड थर असलेली घेऊ नये. तिच्यामुळे घाम अंगाखालीच साचतो.

घर सोडताना मालकाची गादी पूर्वी होती त्याच बाजूने ठेवावी आणि टॉपर घडी न घालता गुंडाळून न्यावा, कारण घडीच्या रेषेवर फोम आणि लॅटेक्स दोन्ही चिरतात. पुढच्या घरातील गादी लहान निघाली तरी तो लगेच कापू नये; आधी काही रात्री त्या गादीवर तसेच झोपून पाहावे, कारण तिथे त्याची गरज पडणार नाही असेही होऊ शकते.