भूमध्य समुद्रातील क्रूझ : बंदरावर खासगी गाइड घेऊन फिरण्याचे नियोजन

सांगली-साताऱ्याकडून भूमध्य समुद्रातील क्रूझला जाणारी मंडळी सहसा गटाने जातात. दोन-तीन कुटुंबे, निवृत्त शिक्षकांचा एखादा गट किंवा परदेशातील मुलाने तिकिटे काढून दिलेले आई-वडील आणि त्यांच्याबरोबर निघालेले काका-मावशी, असा सहा ते आठ जणांचा मेळ असतो. बंदरावर खासगी गाडी व गाइड ठरवण्यास हीच संख्या सोयीची पडते, कारण जहाज कंपनीच्या सहलीचा दर माणशी असतो, तर खासगी गाडीचा दर बहुधा संपूर्ण गाडीचा असतो. आठ प्रवासी बसतील अशी व्हॅन भरली की दोन्ही खर्चांत फारसे अंतर राहत नाही. दोघेच जण असतील, तर मात्र खासगी सहल महागच पडते आणि त्यांनी ती केवळ काटकसर म्हणून ठरवू नये. खासगी सहलीचा खरा लाभ पैशांत नसून आपल्या गतीने फिरण्यात आहे. चाळीस जणांच्या बसबरोबर फिरताना गुडघेदुखी असलेल्या सासूबाईंसाठी कोणी थांबत नाही. स्वतःचा गाइड थांबतो.

या सोयीबरोबर एक जोखीम येते आणि सगळे नियोजन तिच्याभोवतीच करावे लागते. जहाज कंपनीकडून घेतलेल्या सहलीची बस वाटेत अडकली, तर जहाज सामान्यतः तिच्यासाठी थांबते किंवा त्या प्रवाशांना पुढील बंदरावर पोहोचवण्याची व्यवस्था कंपनी करते. खासगी सहलीला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. पुढील बंदरापर्यंतचा खर्च व खटाटोप ज्याचा त्याने करायचा असतो.

म्हणून पहिले काम नकाशा पाहण्याचे. क्रूझच्या माहितीपत्रकात शहराचे नाव छापलेले असते, परंतु जहाज लागते ते बंदर वेगळे असू शकते. ‘रोम’ म्हणजे प्रत्यक्षात चिव्हिटावेक्किया हे बंदर असून तेथून रोम सत्तर ते ऐंशी किलोमीटरवर, म्हणजे सांगलीहून कराडला जाण्याइतके दूर आहे. ‘फ्लॉरेन्स’ असे लिहिले असेल, तर जहाज लिव्होर्नो किंवा ला स्पेझिया येथे लागते आणि लिव्होर्नोहून फ्लॉरेन्स सुमारे नव्वद किलोमीटर पडते. व्हेनिसच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. १ ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांवरील जहाजांना तेथील ज्युडेक्का कालव्यातून जाण्यास बंदी असल्यामुळे ‘व्हेनिस’च्या नावाखाली काही जहाजे रावेन्ना किंवा त्रिएस्ते येथे थांबतात. उलट अथेन्सचे पिरेअस बंदर शहराला जवळजवळ लागूनच आहे, नेपल्सहून पाँपेई या प्राचीन शहराचे अवशेष सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहेत आणि तुर्कस्तानातील कुशादासीहून इफेसस या प्राचीन शहराचे अवशेष सुमारे वीस किलोमीटरवर आहेत. माझे मत असे, की खासगी सहलीचा पहिला अनुभव या जवळच्या बंदरांवर घ्यावा आणि रोम-फ्लॉरेन्ससारख्या लांबच्या ठिकाणी, विशेषतः गटात वयस्कर माणसे असताना, जहाज कंपनीची सहल घेण्यात कमीपणा मानू नये.

वेळेचे गणित सकाळपासून पुढे न मांडता संध्याकाळपासून मागे मांडावे. समजा जहाज चिव्हिटावेक्कियाला सकाळी सातला लागणार आहे आणि संध्याकाळी सातला सुटणार आहे. हे बारा तास आपले नसतात. सर्वांनी जहाजावर परतण्याची अंतिम वेळ, जिला ‘ऑल अबोर्ड’ म्हणतात, ती सुटण्याच्या वेळेपूर्वी अर्धा ते एक तास असते. ती सहा धरू. तिच्या आधी दीड तासाची मोकळीक ठेवली, तर साडेचारला बंदरात पोहोचले पाहिजे आणि दीड तासाचा रस्ता लक्षात घेता रोम तीन वाजता सोडले पाहिजे. सकाळी जहाज सातला लागले, तरी बंदर अधिकाऱ्यांची परवानगी, उतरण्याची रांग आणि गाडी गाठणे यांत आठ वाजतात, म्हणजे रोममध्ये साडेनऊ. हाती उरतात साडेपाच तास आणि त्यांत जेवण व स्वच्छतागृह धरायचे आहे. एवढ्या वेळात कोलोसियम आणि व्हॅटिकनची संग्रहालये ही दोन्ही आतून पाहण्याचा हट्ट धरल्यास दोन्ही धावत पाहिली जातात. एक आतून आणि बाकीचे शहर बाहेरून, हेच शहाणपणाचे.

घड्याळाविषयी एक बारीक गोष्ट आहे. ग्रीस व तुर्कस्तानची उन्हाळ्यातील वेळ इटलीच्या एक तास पुढे असते. जहाज आपले घड्याळ बदलते किंवा बदलत नाही, हे रोजच्या कार्यक्रमपत्रकात छापलेले असते. मोबाइल मात्र किनारा जवळ येताच आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो. परतण्याची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे मोजली जात असल्यामुळे गटातील किमान एकाने मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवावे आणि सकाळी भेटल्याबरोबर गाइडशी ती वेळ ताडून पाहावी.

आता गाइड ठरवण्याविषयी. चालक आणि गाइड या दोन निरनिराळ्या व्यक्ती असतात, हे आपल्याकडील प्रवाशांच्या बरेचदा ध्यानात येत नाही. गाडीचा चालक चांगले इंग्रजी बोलत असला आणि वाटेत माहिती देत असला, तरी इटली व ग्रीसमध्ये पुरातन स्थळांच्या आत माहिती सांगण्यासाठी परवानाधारक गाइड लागतो आणि त्याचे शुल्क वेगळे असू शकते. त्यामुळे ईमेल लिहिताना ‘दर किती’ एवढे विचारून थांबू नये. दर माणशी की गाडीचा, गाइड स्थळाच्या आत येणार की नाही, प्रवेशतिकिटे, पार्किंग व जेवण दरात धरले आहे काय आणि गाडी जहाजाजवळ येणार की बंदराच्या फाटकाबाहेर, हे एकेक करून विचारावे आणि उत्तर लेखीच घ्यावे. चिव्हिटावेक्कियासारख्या मोठ्या बंदरात बसने फाटकापर्यंत जावे लागू शकते, तो वेळही गणितात धरावा. इटलीतील अनेक शहरांच्या जुन्या भागात परवान्याविना वाहनांना बंदी असते, म्हणून गाडी कोठवर जाईल आणि तेथून किती चालावे लागेल, हा प्रश्न वयस्करांसाठी दरापेक्षाही महत्त्वाचा ठरतो.

याच पत्रव्यवहारात दोन अटी आग्रहाने मागाव्यात. हवामानामुळे किंवा अन्य कारणाने जहाजाने ते बंदर टाळले, तर पूर्ण परतावा मिळावा. आणि जहाज उशिरा लागले, तर सहल तेवढी पुढे सरकवली जावी. क्रूझ प्रवाशांबरोबर नेहमी काम करणारे व्यावसायिक या अटी सहज मान्य करतात. जो का-कू करतो, त्याच्याशी पुढे बोलणे वाढवू नये. सगळी रक्कम आधी भरण्याऐवजी कार्डाने थोडी आगाऊ द्यावी आणि उरलेली त्या दिवशी युरोमध्ये द्यावी. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू केलेला असावा आणि ओटीपी भारतीय क्रमांकावर येत असल्याने आगाऊ रकमेचा व्यवहार घरी असतानाच उरकावा.

प्रवेशतिकिटे हा स्वतंत्र विषय आहे. कोलोसियमची तिकिटे नावानिशी दिली जातात. पाँपेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला वीस हजार पर्यटकांची मर्यादा असून तिकिटावर नाव असते. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर, ठरावीक वेळेचे तिकीट घ्यावे लागते आणि तीव्र उष्णतेच्या दिवसांत ते स्थळ भर दुपारी बंदही ठेवले जाते, म्हणून तेथे सकाळची वेळच मागावी. नावे पासपोर्टवर आहेत तशीच कळवावीत. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये येत असल्याने व्हॉट्सॲपवर घाईने पाठवलेली यादी आणि पासपोर्ट यांत फरक पडतो. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद असतात आणि फ्लॉरेन्सचे उफ्फिझी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद असते, तेव्हा जहाज कोणत्या वारी लागते, हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहावे.

व्हिसाबाबत थोडक्यात एवढेच, की मार्गात तुर्कस्तान किंवा मॉन्टेनेग्रो असेल, तर जहाज शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, जाऊन पुन्हा आत येते, म्हणून मल्टिपल एन्ट्री, म्हणजे अनेकदा प्रवेश देणारा, शेंगेन व्हिसा मागावा आणि त्या देशांचे नियम क्रूझ कंपनीकडून लेखी विचारून घ्यावेत. काही कंपन्या प्रवासभर पासपोर्ट स्वतःकडे ठेवतात. अशा वेळी पासपोर्ट व व्हिसाच्या पानांची छायाप्रत आणि जहाजाचे कार्ड खिशात असावे. आधार कार्डाचा तेथे उपयोग नाही.

गटात इंग्रजी न समजणारी माणसे असतील, तर गाइडला ते आधीच कळवावे. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटे बोलून थांबा, म्हणजे आमच्यातील एक जण मराठीत सांगेल, अशी विनंती केली की चांगला गाइड आपले बोलणे त्या बेताने आखतो. चढ-उताराविषयीही असेच स्पष्ट बोलावे. इफेससमध्ये वरच्या दरवाजाने शिरून उतरत उतरत सेल्ससच्या ग्रंथालयाजवळून खालच्या दरवाजाने बाहेर पडता येते आणि खासगी गाडी तेथे येऊन थांबते; हे सांगितले नाही, तर कोणी उलट चढवतही नेईल. ग्रीसच्या सँटोरिनी बेटाला जहाज समुद्रातच उभे राहते. टेंडर बोटीने, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या लहान बोटीने, फिरा नावाच्या गावाखालच्या जुन्या धक्क्यावर उतरून वर जाण्यास केबल कार, सुमारे सहाशे पायऱ्या किंवा गाढव, असे पर्याय असतात. ज्येष्ठांनी केबल कारच घ्यावी, गाइडची भेट तिच्या वरच्या टोकाला ठरवावी आणि परतीच्या वेळी तिला मोठी रांग लागते, म्हणून तेथे एक तास जादा धरावा.

खाण्याच्या बाबतीत, साताऱ्याचे कंदी पेढे सोबत नेण्याचा मोह टाळावा, कारण युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी दुग्धजन्य पदार्थ आणण्यास तेथे मनाई आहे. सांगलीच्या भडंगाला ही आडकाठी नाही. व्हॅटिकनमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात, त्यामुळे साडी किंवा सलवार-कमीज नेसून-घालून आलेल्यांना तेथे काहीच अडचण येत नाही. समुद्रावर असताना मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवावा, कारण जहाजावरील नेटवर्कचे दर फार चढे असतात.

जहाजातून उतरण्यापूर्वी कार्यक्रमपत्रकातील त्या बंदराच्या पोर्ट एजंटचा, म्हणजे तेथे जहाज कंपनीचे काम पाहणाऱ्या प्रतिनिधीचा, क्रमांक टिपून घ्यावा आणि त्याची एक प्रत गाइडला द्यावी. परतताना रस्ता अडला आणि वेळ चुकेल असे दिसू लागले, तर गाडीत बसून वाट न पाहता गाइडकडून त्याच क्रमांकावर लगेच फोन करवावा आणि गटात किती जण आहेत व गाडी कोठे आहे हे कळवावे. जहाज थांबेलच असे नाही. पण न थांबल्यास जहाजात मागे राहिलेले पासपोर्ट हातात मिळण्याची आणि पुढील बंदर गाठण्याची वाट त्या एजंटच्या कार्यालयातूनच जाते.